मत्स्यरोगांवरील वनस्पतिज अर्क

मत्स्यरोगांवरील वनस्पतिज अर्क : तळी, शेततळी, पिंजरे इ. बंदिस्त जलसाठ्यांत पाळलेल्या माशांना सूक्ष्मजंतूंमुळे होणाऱ्या रोगांचा प्रतिबंध वा उपचार करण्यासाठी वापरण्यात येणारे औषधी वनस्पतींचे अर्क, चूर्णे व तेले यांचा या विषयात अंतर्भाव होतो. भारतात या दृष्टीने कडुनिंब, तुळस, लसूण, हळद, आघाडा, अश्वगंधा, गुळवेल, पेरू इ. वनस्पतींचा अभ्यास झाला आहे. यांपैकी बहुतेकांचे अर्क प्रयोगशाळेत सूक्ष्मजंतूंची वाढ रोखतात. तथापि काचेच्या बशीतील यश आणि तळ्यातील यश या दोन भिन्न गोष्टी होत. त्या एकच मानल्यामुळे या उपचाराविषयी एकीकडे अवास्तव अपेक्षा, तर दुसरीकडे अकारण निराशा निर्माण झाली आहे.

घोडे व हत्ती यांच्या चिकित्सेसाठी शालिहोत्र व पालकाप्य यांच्या नावांनी आपल्याकडे स्वतंत्र ग्रंथपरंपरा आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथात माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य व गळाने मासे धरणे यांचे वर्णन आहे. पण तेथे मासा हा राजाच्या करमणुकीचा विषय आहे, चिकित्सेचा नव्हे. माशांवरील वनौषधी उपचार हा त्यामुळे प्राचीन वारसा नसून मुख्यत्वे विसाव्या शतकाच्या अखेरीस आकारास आलेला विषय आहे. वनस्पती जुन्या, त्यांचा माशांवरील उपयोग नवा, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

शेततळ्यातील परिस्थिती : या विषयाची निकड समजण्यास राहुरी (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) परिसराचे उदाहरण उपयुक्त आहे. येथील वार्षिक पर्जन्यमान सरासरी सु. ५२० मिमी. आहे. तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर बांधलेल्या धरणाच्या जलाशयाची (ज्ञानेश्वरसागर) क्षमता २६ अब्ज घ. फूट आहे. कालव्याचे व पावसाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरावे म्हणून शेतकरी शेततळी खोदतात. २०१६ साली राज्य शासनाने सुरू केलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेमुळे अशा तळ्यांस चालना मिळाली. पाणी साठलेलेच आहे, तर त्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस यांची बोटुकली सोडावी, हा विचार ओघानेच येतो.

मात्र शेततळे हे मुळात पिकासाठी असते, माशांसाठी नव्हे. फळबागेला व पिकाला पाणी देत गेल्याने हिवाळ्यानंतर पातळी झपाट्याने उतरते आणि पावसाळ्यात ऐसपैस पाण्यात असलेले मासे, वजनाने वाढलेले असतानाच, थोड्या पाण्यात दाटीने राहू लागतात. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात मातीचा तळ नसल्यामुळे उरलेले खाद्य व विष्ठा यांचे मातीत होणारे विघटन तेथे नीट होत नाही. पाण्यात अमोनिया वाढतो. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीच्या प्रदेशातील पाणी बहुधा अल्कधर्मी असते व शेवाळ माजले की दुपारी त्याचे पीएच मूल्य आणखी चढते. २५° से. तापमानास पीएच मूल्य ७ असता एकूण अमोनियाचा एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी मुक्त स्वरूपात असतो, तर ते ९ झाले असता सु. एक तृतीयांशाहून अधिक भाग मुक्त असतो. कल्ल्यांचा दाह, भूक मंदावणे व अंगावरील श्लेष्म्याचे (बुळबुळीत आवरणाचे) नुकसान हे त्याचे परिणाम होत. थंडीच्या रात्री सरून फेब्रुवारी–मार्चमध्ये पाणी तापू लागते, तेव्हा माशाची प्रतिकारक्षमता अजून मंदावलेली असते. सूक्ष्मजंतू मात्र वेगाने वाढू लागतात. अनेक ठिकाणी रोगाची साथ नेमकी याच सुमारास दिसते.

रोगकारक सूक्ष्मजंतू : गोड्या पाण्यातील संवर्धित माशांत सर्वाधिक आढळणारा रोगकारक म्हणजे एरोमोनास हायड्रोफिला हा चल, दंडाकार, ग्रॅम–ऋण सूक्ष्मजंतू होय. याच्या संसर्गाने खवल्यांच्या मुळाशी रक्ताळलेले ठिपके पडतात, परांची मुळे लाल होतात, अंगावर व्रण उठतात; काही माशांत उदरपोकळीत द्रव साचून पोट फुगते व खवले उभे राहतात (जलोदर). अंतर्भागात यकृत, वृक्क व प्लीहा यांची हानी झालेली आढळते. यांशिवाय स्यूडोमोनास फ्ल्युओरेसेन्स, एडवर्डसिएला टार्डा आणि कल्ले व शेपटी कुजविणारा फ्लॅव्होबॅक्टिरियम कॉलम्नेअर हे सूक्ष्मजंतूही महत्त्वाचे आहेत.

एरोमोनास बाहेरून ‘येत’ नाही. निरोगी तळ्याच्या पाण्यात आणि निरोगी माशाच्या आतड्यातही तो असतो. जखम, दाटी, अमोनिया, ऑक्सिजनची न्यूनता किंवा ऊ (आर्ग्युलस) यांसारखे परजीवी यांमुळे मासा दुबळा झाला की तो रोगकारक बनतो. त्याचा समूळ नाश करणारा उपाय शोधण्यापेक्षा माशाचे बळ टिकविणारा उपाय शोधणे अधिक शहाणपणाचे का, याचे उत्तर यातच आहे.

प्रतिजैव पदार्थांचा प्रश्न : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर या रोगांवर ऑक्सिटेट्रासायक्लिनासारखे प्रतिजैव पदार्थ खाद्यातून देण्यात येऊ लागले. खाद्याचा न खाल्लेला भाग व विष्ठेतून बाहेर पडणारे औषध पाण्यात मिसळते आणि तेथील सूक्ष्मजंतूंत औषधाला न जुमानणारे प्रकार निवडले जातात. प्रतिरोधाची जनुके एका जातीच्या सूक्ष्मजंतूकडून दुसऱ्या जातीच्या सूक्ष्मजंतूकडे जाऊ शकत असल्याने हा धोका माशांपुरता मर्यादित राहत नाही. एरोमोनास तर माणसाच्या जखमांतही संसर्ग करतो. क्लोरँफेनिकॉल व नायट्रोफ्यूरान गटातील औषधे यांच्या वापरास भारतात मत्स्यसंवर्धनात बंदी आहे, तर टेट्रासायक्लिनासारख्या काहींच्या माशाच्या मांसातील अवशेषांस मर्यादा घातलेल्या आहेत.

येथे नॉर्वेचे उदाहरण नोंदण्याजोगे आहे. तेथील सामन माशांच्या संवर्धनात १९८७ साली सु. ५० टन प्रतिजैव पदार्थ वापरले गेले. पुढे उत्पादन अनेक पटींनी वाढूनही हा वापर नगण्य झाला. हे घडले ते लशींमुळे. प्रत्येक माशाला टोचून लस देणे महागड्या सामनसाठी परवडते. शेततळ्यातील रोहूसाठी ते परवडत नाही. स्वस्त माशाला स्वस्त संरक्षण हवे, आणि वनस्पतींकडे लक्ष वळते ते या कारणाने. चीनमध्ये लसूण, रेवंदचिनी इत्यादींचा मत्स्यसंवर्धनातील वापर पूर्वीपासून आहे.

बशीतील कसोटी आणि तळ्यातील हिशेब : अर्काची जंतुरोधक शक्ती सामान्यतः पुढील रीतीने तपासतात. सावलीत वाळविलेल्या पानांचे चूर्ण पाणी, एथिल अल्कोहॉल वा मिथिल अल्कोहॉल यांत भिजवून गाळतात आणि विद्रावक उडवून घट्ट अर्क मिळवितात. आगरच्या थरावर सूक्ष्मजंतू पसरून त्यावर अर्कात भिजविलेली कागदाची चकती ठेवतात. चकतीभोवती वाढ न झालेले जे स्वच्छ वलय दिसते त्याचा व्यास मोजतात. शेजारी केवळ विद्रावकात भिजविलेली चकती ठेवलेली नसेल, तर अल्कोहॉलचेच श्रेय वनस्पतीला दिले जाण्याचा संभव असतो. शिवाय वलयाचा व्यास हा अर्क आगरमध्ये किती सहज पसरतो यावरही अवलंबून असतो. पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या कुरकुमिनासारख्या द्रव्यावर ही कसोटी अन्याय करते. म्हणून वाढ रोखणारी किमान संहती (प्रमाण) द्रव माध्यमात काढणे अधिक विश्वसनीय होय.

ही संहती कच्च्या अर्काच्या बाबतीत बहुधा दर मिलि. ला काही मिलिग्रॅम इतकी असते. समजा, ती ५ मिग्रॅ. आहे. ३० मी. × ३० मी. आकाराच्या, ३ मी. खोल व उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात २,१९६ घ. मी., म्हणजे सु. २२ लक्ष लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्यात बशीइतकी संहती साधावयाची तर सु. ११ टन घट्ट अर्क लागेल. सुक्या पाल्याच्या दहा टक्के अर्क निघतो असे धरल्यास ११० टन पाला वाळवावा लागेल. कडुनिंबाच्या पाल्याचा पाटीभर काढा तळ्यात ओतून सूक्ष्मजंतू मरतील ही अपेक्षा किती व्यर्थ आहे, हे यावरून ध्यानात येईल. तो काढा ओतल्यावर मासे सुधारले, तर त्याचे कारण बहुधा त्याच दिवशी बंद केलेले खाद्य किंवा सोडलेले ताजे पाणी हे असते.

आता हाच हिशेब खाद्याचा करून पाहू. त्याच तळ्यात प्रत्येकी १०० ग्रॅ. वजनाचे १,००० मासे आहेत, म्हणजे एकूण वजन १०० किग्रॅ. झाले. वजनाच्या ३ टक्के दराने रोज ३ किग्रॅ. खाद्य लागते. खाद्याच्या दर किग्रॅ. ला २ ग्रॅ. चूर्ण मिसळले, तर रोज ६ ग्रॅ. आणि सहा आठवड्यांत सु. पाव किग्रॅ. चूर्ण पुरते. ११ टन आणि पाव किलो यांमधील हे अंतर म्हणजेच वनस्पतिज उपचाराची खरी दिशा होय. येथे वनस्पती सूक्ष्मजंतूला मारीत नाही. ती माशाच्या रोगप्रतिकारयंत्रणेला चेतविते.

रोगप्रतिकारक्षमतेवरील परिणाम : माशांत विशिष्ट प्रतिपिंडे तयार होण्यास वेळ लागतो व थंड पाण्यात तो अधिकच लागतो. म्हणून सूक्ष्मजंतू गिळणाऱ्या श्वेत कोशिका, रक्त व श्लेष्मा यांतील लायसोझाइम हे एंझाइम इ. जन्मजात साधनांवर त्यांची भिस्त असते. अनेक वनस्पतींतील पॉलिसॅकॅराइडे, फ्लॅव्होनॉइडे, सॅपोनिने इ. द्रव्यांमुळे ही साधने अधिक कार्यक्षम होतात, असे प्रयोगांत आढळले आहे.

मुंबई येथील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रोहूच्या बोटुकलींना दर किग्रॅ. खाद्यात १ ते ३ ग्रॅ. अश्वगंधाच्या मुळांचे चूर्ण ४२ दिवस दिले व नंतर एरोमोनासचा संसर्ग घडविला; त्यात २ ग्रॅ. चा गट सरस ठरला. मात्रा वाढविली म्हणून गुण वाढतोच असे नाही, हे यावरून दिसते. रोहूवरच लसूण (२००७) व पेरूची पाने (२०१५) यांचेही असे प्रयोग झाले आहेत. आघाड्याच्या बियांचा रोहूवरील प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. श्रावणात जिवतीच्या माळेत आणि गणेशपूजेच्या पत्रीत असणारा, एरवी बांधावरचे तण म्हणून उपटून टाकला जाणारा हा आघाडा; त्याच्या बियांनी खाद्यातील अर्ध्या टक्क्यापर्यंतच्या प्रमाणात रोहूची प्रतिकारक्षमता वाढली. तमिळनाडूत तुळशीच्या पानांच्या अर्काचा तिलापिया माशावर असाच परिणाम २००० साली नोंदविण्यात आला.

या प्रयोगांचे मोल मान्य करूनही त्यांच्या मर्यादा सांगणे आवश्यक आहे. ते काचेच्या वा प्लॅस्टिकच्या लहान टाक्यांत, मोजक्या बोटुकलींवर, स्वच्छ व एकसारख्या तापमानाच्या पाण्यात केलेले असतात. रोग घडविण्यासाठी सूक्ष्मजंतू बहुधा सुईने थेट उदरपोकळीत सोडतात. तळ्यातील माशाला कोणी सुई टोचत नाही. तेथे रोग कल्ले, जखमा व आतडे यांवाटे, आठवडेच्या आठवडे चाललेल्या क्लेशानंतर शिरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयाला आज आणखी एका नव्या वनस्पतीच्या नव्या वलयाची गरज नाही. ज्या पाचसहा वनस्पतींचा गुण टाकीत दिसला आहे, त्या प्रत्यक्ष शेततळ्यांत, चूर्ण दिलेली व न दिलेली तळी शेजारी शेजारी ठेवून, संपूर्ण हंगामभर पारखण्याची आहे.

अर्काचे प्रमाणीकरण : ‘हळद’ किंवा ‘तुळस’ एवढे सांगून औषधाची ओळख पूर्ण होत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९६८) कसबे डिग्रज (जि. सांगली) येथील हळद संशोधन योजनेतून आलेल्या ‘फुले स्वरूपा’ या जातीत कुरकुमिनाचे प्रमाण सु. पाच टक्के आहे. इतर जातींत ते बरेच कमी असू शकते आणि बाजारातील भुकटीत तर भेसळीमुळे काय मिळेल याचा भरवसा नसतो. लसणाच्याही ‘गोदावरी’, ‘श्वेता’, ‘फुले बसवंत’ अशा जाती या विद्यापीठाने दिल्या आहेत. पिकांच्या जाती ठरविताना उत्पन्नाबरोबर औषधी द्रव्याचे प्रमाण मोजण्याची ही शिस्त मत्स्यौषधांच्या कामात फारशी आलेली नाही.

तयार करण्याच्या रीतीवरही गुण अवलंबून असतो. लसणाच्या अखंड पाकळीत ॲलिसीन नसते. पाकळी ठेचल्यावर ॲलिइनेज या एंझाइमाच्या क्रियेने ॲलिइनापासून ते तयार होते. ठेचण्याआधीच लसूण उकळल्यास एंझाइम नष्ट होते व उरतो तो केवळ वास. म्हणून लसूण ठेचून दहाएक मिनिटे तसाच ठेवावा व मग खाद्यात मिसळावा. तुळशीतील युजेनॉल हे बाष्पनशील असल्याने पाने उन्हात न वाळविता सावलीत वाळवितात. कुरकुमीन पाण्याऐवजी खाद्यतेलात कालवून देणे इष्ट असते. शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा यांच्या नेहमीच्या मिश्रणात चूर्ण नुसते वरून भुरभुरले, तर ते पाण्यात पडताच सुटून जाते; तांदळाच्या घट्ट पेजेत मळून, गोळे वा शेवया करून सावलीत सुकविल्यास ते टिकते.

औषधी स्नान : पाण्यात अर्क मिसळणे तळ्यात अशक्य असले, तरी पिंपात वा टबात शक्य आहे. कडुनिंबाच्या पानांच्या जलीय अर्कात संसर्ग झालेल्या सायप्रिनस माशांना रोज दहा मिनिटे बुडवून, महिनाभरात त्यांचे रक्तघटक पूर्ववत झाल्याचे तमिळनाडूतील संशोधकांनी २००३ साली दाखविले. मोठ्या तळ्यातील प्रत्येक मासा महिनाभर रोज पकडणे कोणालाही साधणार नाही, आणि साधले तरी जाळ्याने होणाऱ्या जखमाच नव्या रोगास आमंत्रण देतील. मत्स्यबीज केंद्रातील प्रजनक मासे वा तळ्यात सोडण्यापूर्वीची बोटुकली यांच्यापुरती ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु या कामासाठी मिठाच्या २–३ टक्के विद्रावातील अल्पकाळ स्नान अधिक स्वस्त व परिचित आहे, हेही नमूद केले पाहिजे.

विषारीपणा व इतर धोके : वनस्पतिज म्हणजे निर्धोक ही समजूत मत्स्यसंवर्धनात विशेष महाग पडते. संवर्धनापूर्वी तळ्यातील उपद्रवी मासे मारण्यासाठी जे द्रव्य भारतात सर्रास वापरतात ते मोहाची पेंड हेच होय. तिच्यातील ४–६ टक्के सॅपोनीन कल्ल्यांवाटे रक्तात शिरून तांबड्या कोशिका फोडते, दर घ. मी. पाण्यास सु. २५० ग्रॅ. पेंडीने तळ्यातील मासे मरतात व दोनतीन आठवड्यांनी विष ओसरून तीच पेंड खत बनते. सह्याद्रीतील व सातपुड्यातील आदिवासी गेळीच्या फळांनी मासे धरतात त्यातही हेच तत्त्व आहे. ज्या द्रव्यगटाने अल्प मात्रेत प्रतिकारक्षमता वाढते, त्यानेच अधिक मात्रेत मासा मरतो. कडुनिंबातील द्रव्ये माशांचे नैसर्गिक अन्न असलेल्या पाणपिसवांसारख्या सूक्ष्म कवचधारींना मारक ठरतात. तळ्यात टाकलेला ओला पाला कुजताना ऑक्सिजन शोषून घेतो. आधीच पहाटे पृष्ठभागावर तोंडे काढणाऱ्या माशांच्या तळ्यात असा पाला टाकणे म्हणजे त्यांचा उरलासुरला श्वास काढून घेणे होय.

निदान चुकण्याचा धोका याहून मोठा आहे. पहाटे तोंड काढणारे मासे ऑक्सिजनसाठी धडपडत असतात. अंग घासणाऱ्या माशांवर बहुधा ऊ असते. खोल, भाजल्यासारखे व्रण असणारा साथीचा रोग (भारतात १९८८ पासून) हा मुळात ॲफॅनोमायसीज इन्व्हॅडन्स या कवकसदृश जीवामुळे होतो व एरोमोनास तेथे मागाहून शिरतो. या साथीत ठिकठिकाणी चुना व हळद तळ्यात टाकण्याचा प्रघात पडला. त्यातील चुन्याचा उपयोग निश्चित आहे, हळदीचा तितकासा नाही. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने या रोगावर काढलेले ‘सीफॅक्स’ हे रासायनिक मिश्रण आहे, वनौषधी नव्हे.

साथ आल्यावर : आजारी मासा प्रथम खाणे सोडतो. म्हणून खाद्यातून दिलेले औषध ज्यांना सर्वाधिक गरज असते त्यांच्याच पोटात जात नाही. व्रण दिसू लागल्यावर लसणाचे खाद्य सुरू करणे हे बहुधा उशिराचे ठरते. वनस्पतिज चूर्णे द्यावयाची ती पाणी उतरण्यापूर्वी व तापमान बदलण्यापूर्वी, सु. सहा आठवडे आधी, म्हणजे राहुरीसारख्या प्रदेशात साधारणतः डिसेंबरपासून. साथ आलीच, तर खाद्य ताबडतोब कमी वा बंद करावे, शक्य तितके ताजे पाणी सोडून खालचे गढूळ पाणी पिकाला द्यावे, पहाटेच्या वेळी पाणी पंपाने उंचावरून सोडून हवेशीर करावे आणि मेलेले मासे रोज काढून तळ्यापासून दूर, चुना टाकून पुरावेत. मरणारे काही मासे बर्फात घालून, कुजू न देता, मत्स्य महाविद्यालयाच्या वा मत्स्यव्यवसाय विभागाच्या तपासणीस पाठवावेत. कुजलेल्या माशातून वाढतो तो रोगकारक नव्हे, कुजविणारा सूक्ष्मजंतू. उरलेले मासे पुन्हा खाऊ लागले म्हणजे, पाणी निवळल्यानंतर, चूर्णमिश्रित खाद्य नेहमीच्या निम्म्या प्रमाणात सुरू करता येते.